बाजवा, आजवा, जोजवा

बडोद्याहून अहमदाबादकडे जाणारी पॅसेंजर गाडी शहराबाहेर पडली की थोड्याच वेळात बाजवा येते. आमचे बिऱ्हाड तिथे. एका अंगाला खताचा कारखाना, दुसऱ्या अंगाला कोयलीची रिफायनरी. रात्री तिची ज्योत भडकली की आमचे आभाळ तांबूस होते. माझ्या नऊ वर्षांच्या नातवाने त्यामुळे धड काळोख म्हणून कधी पाहिला नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये उत्तरायणाचे पतंग उतरले आणि त्याने हट्ट धरला : तंबूत झोपायचे, तळ्याकाठी झोपायचे आणि होडीत बसायचे.

पहिल्या दोन गोष्टींना घरात कोणाची ना नव्हती. तिसरीचे नाव निघाले आणि सूनबाईंच्या हातातले लाटणे थांबले.

ते का थांबले हे बडोदेकरांना सांगायला नको. परगावच्या वाचकांसाठी सांगतो. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली. १२ मुले आणि २ शिक्षिका बुडून गेल्या. होडी चौदा माणसांची. आत भरली होती सुमारे दुप्पट, आणि कित्येकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. त्या संध्याकाळी शहरात कोणाच्या घरी धड जेवण झाले असेल असे वाटत नाही. बरे, हे आमच्या गावात प्रथमच घडले म्हणावे तर तेही नाही. ऑगस्ट १९९३ मध्ये, ऐन जन्माष्टमीला, भर वस्तीतल्या सुरसागरात होडी उलटून २२ माणसे गेली होती. तीही होडी अशीच खच्चून भरलेली.

"आपण आजव्याला जाऊ," मी तोडगा काढला. बाजव्याहून आजव्याला! नातवाला या यमकाची मोठी गंमत वाटली. पण आजव्याचे पाणी खेळण्याचे नव्हे, पिण्याचे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८८५ साली सूर्या नदीवर मातीचा बंधारा घालण्याचे काम सुरू करविले आणि १८९२ पर्यंत ते पुरे झाले. अभियंते होते जगन्नाथ सदाशिवजी. शहराची वस्ती तेव्हा लाखावर थोडीशीच होती. पावागडाच्या अंगाचे पावसाळी पाणी अडवायचे आणि ते पंप न लावता, निव्वळ उताराने, निमेट्याला गाळून शहरात आणायचे, अशी ही युक्ती. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ बडोदे ते पाणी पीत आहे. सरोवरात मगरी आहेत. तेथे हात घालावासा वाटला तरी घालू नये. बंधाऱ्यावरून पावागड पाहावा, बागेत फिरावे आणि घरी यावे. तंबूचा आणि होडीचा प्रश्न तसाच राहिला.

शेवटी डभोईच्या बाजूला एका आडगावी, लहानशा तळ्याकाठी तंबूंची सोय असलेले एक उद्यान आहे असे कळले. नाव सांगत नाही. पुढे काय झाले ते वाचल्यावर कारण कळेल. आम्ही तिघे निघालो : मी, सौ. आणि नातू. बरोबर सौ.नी केलेल्या दशम्या, लसणीची चटणी आणि बडोद्याचा लीलो चिवडो. सूनबाईंनी निघताना एवढेच म्हटले, "बाबा, तुम्ही आहात म्हणून पाठवते आहे."

तळे छान होते. कडेला बाभळी, त्यांच्या फांद्यांत परवाच्या पतंगांचा मांजा, आणि निळ्या कापडाचे सहा तंबू. तंबू उभारण्याचे काम नातवाने माझ्यापेक्षा लवकर शिकून घेतले. खुंटी सरळ ठोकायची नाही, तंबूपासून बाहेरच्या बाजूला कलती ठोकायची, म्हणजे दोरी तिला उपसत नाही, हे त्यानेच मला ऐकवले. चारच्या सुमारास होडीसाठी रांग लागली.

होडीत आमच्यापुढे किती माणसे बसली ते मी मोजू लागलो. मोजण्याची सवय जुनी आहे आणि तिचे कारण शरमेचे आहे. सुरसागरातल्या त्या अपघाताच्या काही महिने आधी मी माझ्या मुलाला, म्हणजे या नातवाच्या बापाला, तिथेच होडीत बसवले होते. तो तेव्हा आठ वर्षांचा. होडी भरलेली होती, पाणी काठापासून वीतभरही खाली नव्हते, अंगात तरंगण्याचे साधन कोणाच्याच नव्हते. मला दिसत होते, तरी बसलो. मी चांदोदला नर्मदेत पोहायला शिकलेला माणूस, त्याचा ताठा होता. पोहणाऱ्याचे दोन हात किती मुलांना पुरतात हा हिशेब तेव्हा मनात आला नाही. जन्माष्टमीनंतर आला, आणि तो मी घरात कोणाला बोलून दाखवला नाही.

तर त्या तळ्याकाठी जॅकेटांचा ढीग होता. नातवाला दिलेले मोठ्या माणसाचे होते आणि त्याचे एक बक्कल तुटलेले. मी जॅकेटाचे खांदे धरून वर उचलले, तर ते सरळ त्याच्या कानांवर आले. पाण्यात नेमके हेच होते : जॅकेट तरंगते आणि मूल त्यातून खाली निसटते. लहान मुलाचे जॅकेट त्याच्या वजनाला बेताचे हवे आणि खालून मांड्यांमधून पट्टा हवा. होडीवाल्याला म्हटले, तर तो हसून म्हणाला, "काका, कशुं नहि थाय. रोजनुं छे." माणूस वाईट नव्हता. रोज काही होत नाही, हेच तर खरे संकट. होडी उलटते ती एखाद्या दिवशी सगळे एका बाजूला झुकून फोटो काढतात तेव्हा. आणि भरलेल्या होडीला तेवढा झोकही फार होतो.

मी नातवाचा हात धरून त्याला खाली उतरवले. मागच्या रांगेतल्या दोघातिघांनी आमच्याकडे जे पाहिले ते आठवले की अजून कान गरम होतात. पैसे परत मिळाले नाहीत. पण खरी शिक्षा पुढेच होती. नातू माझ्याशी बोलेना. होडी एक फेरी मारून, हसतखिदळत, सुखरूप परत आली. तो माझ्याकडे पाहत राहिला.

दशम्या झाल्या. तंबूवाल्याने दिवे मालवले, आणि मग मात्र त्याचा राग विसरला. "आजोबा, एवढे तारे रोज असतात?" मृग माथ्याकडे चढत होता, त्याच्या मागोमाग व्याध. मी दाखवत गेलो आणि तो बोटाने रेघा जोडत गेला. सौ. तंबूतून सारख्या सांगत होत्या की कानाला बांधा. त्या काळोखात मी त्याला सुरसागरातली माझी ती फेरी सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबांना माहीत आहे?"

"नाही."

पहाटे उठून आम्ही वढवाण्याच्या तलावावर गेलो. तो तलावही महाराजांच्याच कारकिर्दीतला, १९०९-१० चा, शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला. ओरसंग नदीवर जोजव्याला बंधारा आहे, तेथून कालव्याने पाणी येते. बाजवा, आजवा, जोजवा! नातवाने ते रेल्वेच्या डब्यासारखे म्हणायला सुरुवात केली. २०२१ मध्ये या तलावाचा रामसर पाणथळींच्या यादीत समावेश झाला. हिवाळ्यात येथे हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस येतात. रात्री शेतात चरतात आणि उजाडताना थव्याथव्याने पाण्यावर परततात. डोक्यावरून गेले तेव्हा त्यांच्या पंखांचा आवाज ऐकू येत होता. नातवाने ६३ मोजले, सौ.नी "अरे, ते मघाचेच" म्हणून ४० वर आणले. त्यावर दोघांचे भांडण डभोईपर्यंत पुरले.

घरी आल्यावर रात्री मुलाला सगळे सांगितले. तो म्हणाला, "मला ती होडी आठवते, बाबा. तुम्ही माझा सदरा मागून घट्ट धरून ठेवला होता." मला हे आठवत नव्हते.

उन्हाळ्यात नातवाचे नाव पोहण्याच्या वर्गात घातले. त्याच्या वजनाचे एक जॅकेटही आणले आहे. ते दाराआडच्या खिळ्याला पतंगाच्या फिरकीशेजारी टांगलेले असते. होडीला सूनबाईंचा होकार अजून नाही. पण परवा त्यांनी जॅकेट त्याच्या अंगात चढवले, पट्टे आवळले आणि दोन्ही खांदे धरून त्याला जमिनीवरून उचलून पाहिले.