थ्रू प्रॉपर चॅनल!

रजेचा अर्ज थेट एमडीच्या टेबलावर ठेवून बघा. पुढे काय होईल ते सांगायला नको! लिनक्सच्या दुनियेतही अगदी तस्संच आहे. फक्त तिथे ना ऑफिस, ना हजेरीपट. आहेत ते जगभर विखुरलेले हजारो प्रोग्रॅमर्स.

लिनक्स कर्नल म्हणजे तुमच्या अँड्रॉइड फोनचाही गाभा. लायनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेला. त्यात कुणीही दुरुस्ती सुचवू शकतं. तिला म्हणतात पॅच. समजा, लॅपटॉपचं वाय-फाय रुसलंय आणि चार ओळी बदलून तुम्ही ते ताळ्यावर आणलंत. ग्रेट! पण पॅच थेट लायनसला धाडायचा नाही, बॉस. कर्नलमध्ये ‘मेंटेनर्स’ नावाची फाइलच असते, कुठला भाग कुणाच्या ताब्यात याची यादी. त्यातला वाय-फायवाला गाठायचा, त्याला ईमेल करायचा. त्याला पटलं तर पॅच त्याच्या ‘ट्री’मध्ये, म्हणजे त्याने सांभाळलेल्या कोडच्या प्रतीत जातो. तिथून नेटवर्किंगच्या ट्रीमध्ये. आणि मग लायनसकडे.

वाटेत पॅच हातात घेणारा प्रत्येक जण खाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ म्हणत आपलं नाव जोडतो. हा कोड पुढे द्यायचा मला हक्क आहे, असं लेखी सांगणं. ही पद्धत २००४ पासूनची. लायनस बहुतेक पॅच ओळ न् ओळ वाचत नाही. तो माणसं ओळखतो, भरवसा त्यांच्यावर!

पूर्वी तो सगळं स्वतःच करायचा. पॅच ईमेलच्या ढिगात हरवायचे, बिचारे लोक तोच पॅच पुन्हा पुन्हा पाठवायचे. २००२ मध्ये बिटकीपर हे सॉफ्टवेअर मदतीला आलं. २००५ मध्ये त्याची फुकट सोय बंद झाली आणि लायनसने थोडक्या दिवसांत गिट लिहिलं. हो, तुमच्या ऑफिसातली आयटीवाली मंडळी दिवसभर वापरतात तेच गिट.

पण इतक्या ट्री एकमेकींना धडकल्या तर? त्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या स्टीफन रॉथवेलने २००८ मध्ये ‘लिनक्स-नेक्स्ट’ सुरू केलं. सगळ्यांच्या ट्री तिथे आधीच एकत्र करून बघायच्या. भांडण व्हायचं ते तिथेच होऊ दे!

आणि वेळ? नव्या गोष्टींसाठी दोनच आठवडे दार उघडं. पुढचे सहा-सात आठवडे फक्त चुका सुधारायच्या.

खरा राडा याच नियमावरून झाला. केंट ओव्हरस्ट्रीटची बीकॅशएफएस ही फाइल सिस्टिम २०२४ च्या जानेवारीत आलेल्या ६.७ आवृत्तीत दाखल झाली होती. जून २०२५ मध्ये, दार बंद झाल्यावर, त्याने ६.१६ साठी एक नवी सोय पाठवली. त्याचं म्हणणं, लोकांच्या फाइल्स परत मिळवून देणारी सोय आहे, थांबायचं कशाला? लायनसने ती घेतली, पण आता आपले रस्ते वेगळे, असंही सुनावलं. ६.१८ मधून बीकॅशएफएसचा कोड काढून टाकला गेला.

ज्याच्या फाइल्स अडकल्यात त्याला दोन महिने थांब म्हणणं कठीणच. तरी मला लायनसचं पटतं. एकासाठी दार उघडलं की बाकीचे मेंटेनर्सही रांगेत उभे राहणारच की! ओव्हरस्ट्रीटने काम सोडलेलं नाही. बीकॅशएफएस आजही मिळते, फक्त कर्नलसोबत येत नाही, वेगळी बसवावी लागते.