भुतांचा खर्च

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आमच्या नाट्यमंडळाने जी एकांकिका सादर केली, तिच्या मूळ संहितेत एक भूत होते. प्रयोगात ते नव्हते. ते मी काढले. मंडळाचा चिटणीस या नात्याने हिशेबाची वही माझ्याकडे होती. धुराचे यंत्र, हिरवे दिवे, भुताचा पोशाख अशी बेरीज मांडली आणि लेखकाला सांगून टाकले, "भूत परवडत नाही." लेखक माझ्याच वर्गातला. तो त्या वेळी काही बोलला नाही. पण त्यानंतर मंडळासाठी त्याने एक ओळही लिहिलेली नाही.

ही गोष्ट आमच्या मराठीच्या सरांच्या कानावर गेली. सर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "अरे, सत्यजित राय यांचा 'गुपी गाईन बाघा बाईन' पाहिलास का? तो पाहा आणि मग तुझी वही पुन्हा उघड." मी तो चित्रपट तीन वेळा पाहिला आणि तो कसा घडला याविषयी मिळेल ते वाचून काढले. त्यातले काही आपल्यापुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांनी हा बंगाली चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. गुपीला गाण्याचा सोस, पण गळा बेसूर. बाघाला ढोल वाजवण्याचा नाद, पण हात बेताल. दोघांनाही आपापल्या गावातून हाकलून दिले जाते. रानात त्यांची गाठ पडते आणि तिथेच भुतांचा राजा प्रसन्न होऊन त्यांना तीन वर देतो. टाळी दिली की हवे ते अन्नवस्त्र, टाळी दिली की हव्या त्या ठिकाणी प्रवास, आणि ऐकणारा जागच्या जागी खिळून राहील असे संगीत. या तीन वरांच्या बळावर हे दोघे शुंडी आणि हल्ला या दोन राज्यांमधले युद्ध थांबवतात.

ही गोष्ट मुळात राय यांचे आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांची. 1913 मध्ये त्यांनी 'संदेश' नावाचे मुलांचे मासिक सुरू केले आणि 1915 मध्ये ही कथा त्यात छापली. त्याच वर्षी ते वारले. सत्यजित यांचा जन्म 1921 चा. म्हणजे आजोबा-नातवाची भेट कधी झालीच नाही. पुढे 1961 मध्ये नातवाने बंद पडलेला 'संदेश' पुन्हा सुरू केला आणि या कथेला स्वतः चित्रे काढली. चित्रपटाचे निमित्त मात्र घरातच घडले. मुलगा संदीप याची तक्रार होती की, बाबांचे चित्रपट सगळे मोठ्या माणसांचे आणि गंभीर! मग बाबांनी मुलासाठी आजोबांची गोष्ट हाती घेतली.

राय यांना हा चित्रपट रंगीत करायचा होता. तेवढा पैसा उभा राहीना. अखेर नेपाल दत्त आणि असीम दत्त हे निर्माते मिळाले. तरीही सगळा चित्रपट रंगीत करणे शक्य झाले नाही. शेवटचा प्रसंग तेवढा रंगीत आहे. आपण दोन तास काळ्यापांढऱ्या जगात रमलेलो असतो आणि अचानक पडद्यावर रंग उमलतात. पहिल्यांदा पाहताना मला ती दिग्दर्शकाची योजना वाटली होती. मुळात ती तंगी होती, हे नंतर कळले. तंगीतून जेवढे रंग मिळाले ते कुठे टाकायचे, एवढाच निर्णय दिग्दर्शकाच्या हाती होता. आणि तो त्याने अचूक घेतला.

आता भुतांकडे वळू. आजोबांच्या कथेत भुते येऊन नाचतात, एवढेच. ती कशी दिसतात आणि कसला नाच करतात? सुपासारखे कान आणि मुळ्यासारखे दात हे वर्णन गोष्टीत शोभते. पडद्यावर त्याचे करायचे काय? राय यांनी विचार केला की, भूत म्हणजे कधीकाळी इथे जगून मेलेला माणूस. मग बंगालच्या मातीत कोणकोण जगले आणि मेले? राजे आणि योद्धे, गोरे साहेब, लठ्ठ शेठजी-भटजी आणि साधे शेतकरी. झाले भुतांचे चार वर्ग! आपल्या समाजाची उतरंड मेल्यानंतरही सुटत नाही, ही कोपरखळी वर फुकट.

या नाचाला सुरावट नाही, शब्द नाहीत. आहेत ती दक्षिणेकडची चार वाद्ये. राजांना मृदंगम्, कारण त्यात अभिजात भारदस्तपणा आहे. शेतकऱ्यांना कंजिरा, कारण तो लोकसंगीताच्या जवळचा. साहेबांना घटम्, कारण त्याचा आवाज कडक आणि ताठर. लठ्ठांना मोरसिंग, कारण ते ऐकताच हसू येते. साहेबांची भुते चित्रित करताना कॅमेरा नेहमीपेक्षा कमी वेगाने चालवला. त्यामुळे पडद्यावर ती जुन्या मूकपटातल्या माणसांसारखी झटके देत चालतात. सुमारे साडेसहा मिनिटांचा हा नाच आहे. त्यात प्रत्येक वर्ग आधी डौलाने नाचतो, मग आपसांतच भांडतो, मारामारी करतो आणि अखेरीस चारही वर्ग एकाखाली एक अशा चार रांगांत एकत्र नाचतात. माझ्या वहीत या नाचाची नोंद कशी करावी, हे मला अजून उमगलेले नाही.

भुतांच्या राजाचा तो विलक्षण आवाज कुणाचा? खुद्द राय यांचा! स्वतः बोलून, तो आवाज यंत्रावर बदलून घेतला. चित्रपटाची गाणी त्यांनीच लिहिली, चाली त्यांनीच दिल्या, पोशाखही त्यांनीच रेखाटले. गुपीची गाणी अनुप घोषाल यांनी गायली. गुपी झालेले तपेन चॅटर्जी हे तेव्हा नावाजलेले नट नव्हते, बाघा झालेले रवी घोष मात्र मुरलेले. संतोष दत्त यांनी शुंडीचा सज्जन राजा आणि हल्ल्याचा राजा अशी दुहेरी भूमिका केली. बर्फी जादूगाराच्या वेषात हरींद्रनाथ चट्टोपाध्याय आहेत, म्हणजे सरोजिनी नायडूंचे धाकटे बंधू.

इथवर वाचून कुणाला वाटेल की, कल्पकता असली की पैसा लागतच नाही. मलाही तसेच वाटले होते आणि तिथेच मी दुसऱ्यांदा चुकलो. हा चित्रपट स्वस्तात झालेला नाही. टाळी देऊन गुपी-बाघा चुकून बर्फात जाऊन पडतात. तो बर्फ सिमल्याजवळच्या कुफरीचा आहे, कापसाचा नव्हे. हल्ल्याचे राज्य म्हणजे जैसलमेर, शुंडी म्हणजे बुंदी. हल्ल्याच्या फौजेतले उंट खरे आहेत आणि ते शेकड्यांनी आहेत. रानात या दोघांसमोरून जातो तो वाघही खरा. सर्कशीतून आणलेला, गळ्यात बारीक पोलादी तार बांधलेला. वीरभूम जिल्ह्यातल्या बांबूच्या बनात जिवावर उदार होऊन त्याचे चित्रण केले, तर फिल्म काळोखी निघाली. मग तोच खटाटोप पुन्हा बोडाल गावी करावा लागला. हेच ते 'पथेर पांचाली'चे गाव.

म्हणजे वाघ खरा आणि भूत कल्पनेचे. वाघ सगळ्यांनी पाहिलेला असतो, तिथे खोटे चालत नाही. भूत कुणीच पाहिलेले नसते. तिथे पैसा ओतून उपयोग नाही, विचारच करावा लागतो. खर्च कुठे करायचा आणि डोके कुठे चालवायचे याचा हा हिशेब माझ्या वहीत नव्हता. मी सगळ्याच गोष्टींपुढे रुपये मांडले होते आणि नेमकी जी बिनखर्चाची होती तीच महाग म्हणून खोडली होती.

1969 मध्ये हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि बंगालमध्ये महिनोन्महिने चालला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. 1980 मध्ये 'हिरक राजार देशे' हा पुढचा भाग आला. तिसरा भाग दिग्दर्शित केला तो संदीप राय यांनी, म्हणजे ज्या मुलाच्या तक्रारीवरून हे सारे सुरू झाले त्यानेच.

असो. यंदाच्या संमेलनाच्या तयारीआधी मी लेखकमित्राच्या खोलीवर गेलो. म्हटले, "माझे चुकले. ते भूत परत आण."

त्याने माझ्याकडे न पाहता विचारले, "आणि पैसे?"

"एक माठ लागेल. घरून आणतो."

"माठ कशाला?"

मी त्याला साहेबांच्या भुतांची आणि घटम्‌ची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आपल्या गोष्टीतले भूत शेतकऱ्याचे आहे. त्याला माठ चालणार नाही."

एवढे बोलून त्याने कपाटातून जुनी संहिता काढली.