पगार थांबल्यानंतरची काटकसर : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

चाळिशीच्या आसपास बऱ्या पगाराची नोकरी सोडून शाळेत शिकवायला लागलेले, भाषांतराची किंवा सल्लागारीची सुटी कामं घेणारे, एखाद्या सामाजिक संस्थेत निम्म्या मानधनावर रुजू झालेले लोक आता बहुतेकांच्या ओळखीत असतात. त्यांना सल्ला देणाऱ्यांचीही वाण नसते. ‘हॉटेलिंग बंद करा’, ‘पीएफ मोडून मोकळे व्हा’, ‘गावाकडे खायला लागतं काय?’ असं ऐकवलं जातं, आणि ऐकणाऱ्याला ते पटतंही. अडचण एवढीच, की उत्पन्न एका तारखेला कमी होतं आणि खर्च मात्र हप्त्यांत, करारांत, शाळेच्या फीत आणि नात्यागोत्यांत अडकलेला असतो. तो सोडवायला वेळ लागतो. म्हणूनच काटकसरीची बरीचशी कामं राजीनाम्याच्या आधी करायची असतात. ती मागे राहतात ती पुढच्या काही समजांमुळे.

गैरसमज : चहा, सिनेमा, बाहेरचं खाणं बंद केलं की भागतं.

वस्तुस्थिती : ‘थेंबे थेंबे तळे साचे’ हे बचतीबाबत खरं आहे, महिन्याची तोंडमिळवणी त्यावर होत नाही. दिवसाचे दोन कटिंग चहा सोडले, तर महिन्याला सात-आठशे रुपये वाचतील. त्याच घरात ४० लाखांचं, वीस वर्षांचं, ८.५ टक्के दराचं गृहकर्ज असेल, तर हप्ता सुमारे ३४,७०० रुपये असतो. सुरुवातीलाच त्यात पाच लाख भरून हप्ता कमी करून घेतला, तर तो ३०,४००च्या आसपास येतो. एका अर्जाने महिन्याला ४,३०० रुपये सुटतात, तेही रोज मन न मारता.

इथे एक बारकावा आहे. मुदतीआधी रक्कम भरली, की बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. एकूण व्याजाच्या दृष्टीने ते फायद्याचंच, आणि पगारदाराला तोच सल्ला योग्य. पण ज्याची मिळकत कमी होणार आहे, त्याची गरज वेगळी असते. त्याला वीस वर्षांनंतरच्या व्याजापेक्षा येत्या महिन्याचा हप्ता हलका हवा. तेव्हा ‘मुदत नको, हप्ता कमी करा’ असं लेखी सांगावं लागतं. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच मनाई केली आहे, त्यामुळे त्या भीतीने थांबायचं कारण नाही. घरभाडं, गाडीचा हप्ता आणि शाळेची निवड याच रांगेत बसतात. एकदा घेतलेले हे मोठे निर्णय दर महिन्याला आपोआप काम करत राहतात.

गैरसमज : पहिले सहा महिने निभावले, म्हणजे जमलं.

वस्तुस्थिती : पहिले महिने फसवे असतात. हिशेब चुकता होताना रजेचे पैसे मिळतात, पाच वर्षं भरली असतील तर ग्रॅच्युइटी मिळते. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला २६ ने भागून, १५ ने आणि नोकरीच्या वर्षांनी गुणलं, की ग्रॅच्युइटीचा आकडा निघतो. ही रक्कम खात्यात असेपर्यंत कशाचीच झळ लागत नाही.

झळ लागते ती वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांची. जूनमध्ये फी, वह्या, गणवेश, रेनकोट. मग गणपती, त्यामागून दिवाळी, आणि घरकामाच्या मावशींचा बोनस. लग्नसराईत आहेर आणि प्रवास. मार्चच्या आसपास विम्याचे हप्ते, सोसायटीचा वार्षिक देखभाल खर्च, गाडीचा विमा. शिवाय फ्रिज बिघडायला आणि दाढ ठणकायला मुहूर्त लागत नाही. मासिक खर्चाच्या यादीत यातलं काहीच नसतं, म्हणून ‘महिन्याला चाळीस हजारांत भागतं’ असं म्हणणाऱ्या घराचा खरा खर्च बराच जास्त निघतो. उपाय सोपा आहे. मागच्या बारा महिन्यांची बँकेची आणि यूपीआयची विवरणं समोर ठेवून वर्षाचा एकूण खर्च काढावा आणि त्याला बाराने भागावं. येईल तो आकडा खरा मानावा.

गैरसमज : नोकरी गेली, की नोकरीपायी होणारे खर्चही जातात.

वस्तुस्थिती : पेट्रोल, पास, फॉर्मल कपडे, सहकाऱ्यांच्या वाढदिवसांची वर्गणी हे खर्च जातात हे खरं. पण कंपनी जे गुपचूप भरत होती, ते आता आपल्या अंगावर येतं. लॅपटॉप, इंटरनेट, दिवसभराची वीज, कुठे कँटीनचं जेवण. पीएफमध्ये मालक घालत असलेला वाटाही थांबतो. पगाराचं खातं म्हणून मिळालेली किमान शिल्लक न ठेवण्याची सवलत काही महिने पगार जमा झाला नाही, की बहुतेक बँका काढून घेतात. मग दंड कापला गेल्याचा मेसेज येतो, तेव्हा कुठे ते कळतं.

सगळ्यांत महागात पडतो तो आरोग्य विमा. कंपनीच्या सामूहिक विम्यात आधीपासूनचे आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात, आणि ते छत्र नोकरीबरोबर जातं. नवी वैयक्तिक पॉलिसी घेतली, तर अपघात वगळता साधारणपणे पहिले तीस दिवस आजारपणाचा दावा चालत नाही आणि आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाला हे परवडणारं नाही. त्याच विमा कंपनीकडे सामूहिक पॉलिसीतून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि आधीची वर्षं प्रतीक्षाकाळात धरली जातात. कंपनी प्रकृतीची छाननी मात्र करू शकते. हा अर्ज नोकरीतला शेवटचा दिवस उजाडायच्या आत करायचा असतो. मुदतीचा आयुर्विमाही पगारपत्रक हातात असतानाच घेतलेला बरा, कारण किती रकमेचा विमा द्यायचा हे कंपनी उत्पन्नाच्या पुराव्यावर ठरवते.

गैरसमज : पीएफ काढून हातात ठेवला, की धीर राहतो.

वस्तुस्थिती : हातातला पैसा फ्रिज, आहेर आणि सहल यांत कधी विरघळला, कळत नाही. नोकरी सुटली म्हणून पीएफच्या खात्यावरचं व्याज लगेच थांबत नाही. २०२४-२५ साठी हा दर ८.२५ टक्के होता. नोकरी सुटल्यानंतर जमा होणाऱ्या व्याजावर कर लागतो, एवढं लक्षात ठेवावं. सलग पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत पैसे काढले, तर ती रक्कम करपात्र ठरते, आणि ५० हजारांच्या वर असेल तर पॅन दिलेला असूनही दहा टक्के कर आधीच कापला जातो. जुन्या नोकरीतला पीएफ पुढे वर्ग केलेला असेल, तर ती वर्षंही मोजली जातात. पेन्शनचा भाग तर बहुतेक जण विसरूनच जातात. दहा वर्षांची सेवा भरली असेल, तर ५८ व्या वर्षापासून छोटी का होईना, दरमहा पेन्शन मिळते. नऊ वर्षं झालेल्या माणसाने राजीनाम्याची तारीख ठरवताना हे पाहायलाच हवं.

गैरसमज : गावी जाऊ, जमीन घेऊ, पिकवू आणि खाऊ.

वस्तुस्थिती : आधी कायदा पाहा. १९४८ च्या कूळवहिवाट व शेतजमीन कायद्यानुसार महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. त्यामुळे स्वतःचं किंवा वडिलांचं नाव सातबाऱ्यावर आहे का, हा पहिला प्रश्न. ते नसेल, तर बिगरशेती प्लॉट घेता येतो. पण तिथे अंगण होतं, शेती होत नाही.

जमीन आहे, असं धरलं तरी झाडाला आपल्या गरजेची घाई नसते. हापूसचं कलम लावल्यावर फळ दिसायला चार-पाच वर्षं जातात आणि त्यावर घर चालावं इतकं उत्पन्न यायला आणखी काही. पुढेही एक वर्ष भरघोस आणि एक वर्ष सुनं, ही हापूसची खोडच आहे. तोवर कुंपण, पंप, खत, फवारणी आणि गडी यांचा पैसा बाहेरूनच येतो. गावात भाडं आणि भाजी स्वस्त असते; पण दवाखाना, मुलांची शाळा आणि इंटरनेट यांपायी तालुक्याच्या गावी माराव्या लागणाऱ्या खेपा स्वस्त नसतात. गावी राहून शहरातलं काम करणाऱ्यांचं गणित बसतं. शेतीतून लगेच पोट भरायला निघालेल्यांचं बसत नाही.

गैरसमज : वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट जमले, की आयुष्यभराची चिंता मिटली.

वस्तुस्थिती : हा आकडा अमेरिकन आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांच्या १९९४ च्या अभ्यासातून आला. पहिल्या वर्षी पुंजीच्या चार टक्के काढावेत आणि पुढे महागाईप्रमाणे ती रक्कम वाढवावी, असं त्याचं सूत्र. पण त्यामागचे आकडे अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांचे होते आणि हिशेब निवृत्तीनंतरच्या तीस वर्षांचा. चाळिसाव्या वर्षी नोकरी सोडणाऱ्याला पंचेचाळीस-पन्नास वर्षं काढायची असतात. महागाई वर्षाला सहा टक्के धरली, तरी आजचा खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. त्यामुळे पुंजी मोठी करण्याच्या जोडीला काही ना काही कमाई चालू ठेवणं आपल्याकडे जास्त भरवशाचं.

गैरसमज : साधं राहणं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे.

वस्तुस्थिती : नोकरी एक जण सोडतो, राहणी घरातल्या सगळ्यांची बदलते. मेळघाटातल्या बैरागडला आदिवासींसाठी दवाखाना चालवणारे डॉ. रवींद्र कोल्हे यांनी लग्नाआधी घातलेल्या अटी प्रसिद्ध आहेत. महिन्याला ४०० रुपयांत संसार करण्याची तयारी हवी, ही त्यांतली एक. डॉ. स्मिता यांनी ती मान्य केली, आणि २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याइतकं कोणी करावं असं नाही. पण आकडा आधी उच्चारला गेला होता, हे शिकण्यासारखं आहे. अनिल अवचट डॉक्टर होऊनही पत्रकारिता आणि लेखनाकडे वळले, तेव्हा त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा मनोरुग्णालयात नोकरी करत होत्या. साध्या राहणीच्या मागे अनेकदा दुसऱ्या कोणाचा तरी नियमित पगार उभा असतो.

आणि पगाराइतकेच कुणाचे तरी कष्ट. खर्च कमी करायचा म्हणून पोळ्या करणाऱ्या मावशींना नको म्हटलं जातं. चार माणसांच्या घरी दोन वेळच्या मिळून वीस-पंचवीस पोळ्या लागतात. कणीक भिजवणं, लाटणं, भाजणं आणि मागचा ओटा धरून तास-दीड तास जातो. तो तास कोणाचा, हे ठरलं नाही तर तो बाईच्याच वाट्याला येतो. आणि नोकरी सोडलेला नवरा ‘आपण किती कमी पैशांत राहतो’ असं चारचौघांत सांगत राहतो. वाचलेल्या पैशाच्या शेजारी वाढलेलं काम आणि ते करणाऱ्याचं नाव लिहिलं, तरच हिशेब खरा.

मुलांनाही नेमकं सांगितलेलं पेलतं. ‘आता पैसे नाहीत’ या वाक्याने ती घाबरतात. ‘यंदा सहल नाही, पोहण्याचा क्लास चालू राहील’ हे त्यांना समजतं.

गैरसमज : एकदा पाऊल टाकलं, की माघार म्हणजे हार.

वस्तुस्थिती : मानापमानाच्या या कल्पनेपायी लोक नको तितकी वर्षं पुंजी खात बसतात. राजीनामा देतानाच शिलकीचा एक आकडा लिहून ठेवावा. रक्कम त्याखाली गेली, की अर्धवेळ नोकरी, जुन्या क्षेत्रातलं एखादं काम किंवा पूर्णवेळ परतणं, यांतलं काय करायचं तेही तिथेच लिहावं. कर्ज लागणार असेल, तर ते पगार चालू असतानाच पाहावं. स्वतंत्र व्यावसायिकाकडे बँका बहुधा मागच्या दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागतात.

शिलकीचा तो लिहून ठेवलेला आकडा जोडीदाराला तोंडपाठ असावा. दर तीन महिन्यांनी तो दोघांनी मिळून शिलकीशी ताडून पाहिला, तर तीस रुपयांच्या चहावरून घरात वाद होत नाहीत.