5,500 सीडी आणि एक शिवी

‘ओ कम्ली’ हे आठ मिनिटांचं गाणं संपतं आणि मागून कुठून तरी कुणीतरी शिवी हासडतं. ती कानावर पडली तेव्हापासून ‘न्यूट्रल मिल्क हॉटेल’ या बँडचा हा दुसरा अल्बम, ‘इन द एरोप्लेन ओव्हर द सी’, मी शब्दांसाठी कमी आणि तो ज्या घरात रेकॉर्ड झाला तिथल्या आवाजांसाठी जास्त ऐकू लागलो.

शिवी ब्रास वाजवणाऱ्या स्कॉट स्पिलेनची. 1997चा उन्हाळा, डेन्व्हरमधल्या एका घरात थाटलेला ‘पेट साउंड्स’ स्टुडिओ. निर्माता रॉबर्ट श्नायडरला नुसती चाचणी घ्यायची होती. बँडचा गायक जेफ मँगम गिटार घेऊन बसला आणि गाणं एका दमात शेवटापर्यंत घेऊन गेला. तोच टेक ठेवला, शिवीसकट. ब्रास नंतर चढवलं.

साध्या अकूस्टिक गिटारचा फाटका, खरखरीत आवाज ऐकून वाटतं, यंत्र बिघडलंय. बिघडलेलं काही नाही. श्नायडरने माइकच्या प्रीअँपचा गेन मुद्दाम चढवला, सूर कडेला फाटू दिले आणि कंप्रेसरने दाबून कानाशी आणले. बँडमधला ज्युलियन कोस्टर करवतीवर गज फिरवतो, तेव्हा एखादी बाई दूर गातेय असा भास होतो. मँगम अ‍ॅन फ्रँकच्या डायरीने झपाटला होता, हे चाहत्यांना तोंडपाठ असतं. गेनच्या बटणावरचा हात कुणाचा, हे कुणी विचारत नाही. तो माणूस पुढे गणितात डॉक्टरेट झाला. मला नवल वाटलं नाही.

फेब्रुवारी 1998मध्ये ‘मर्ज’ या रेकॉर्ड कंपनीने सीडी काढल्या 5,500. ‘रोलिंग स्टोन’ने तीन तारे दिले, ‘पिचफोर्क’ या संगीत संकेतस्थळाने दहापैकी 8.7 गुण. दौरा आटोपला आणि मँगम लोकांतून जवळजवळ दिसेनासाच झाला. 2005मध्ये अल्बम पुन्हा निघाला, तेव्हा त्याच ‘पिचफोर्क’ने दिले पैकीच्या पैकी, 10. टेप तीच, खरखर तीच. 5,500 सीडींपुरता हिशेब धरलेल्या अल्बमचं एव्हाना देवस्थान झालं होतं, आणि गायब झालेला गायक समीक्षकांना भलताच आवडतो.

माझ्या मते 8.7 ठीक होते. वरचे 1.3 द्यायचेच तर स्पिलेनच्या ‘द फूल’ला द्यावेत: एकही शब्द नाही, मिरवणूक संपता संपता दमलेल्या बँडसारखं लडखडत चालणारं ब्रास, आणि दोन मिनिटांच्या आत खेळ खलास.