पेटीतले पदक मोडीत घालू नका



दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची जुनी पेटी खाली उतरते आणि तळाशी कधीकधी एक जाड, काळपट, गोल चकती हाती लागते. वर अडकवायची पट्टी, एखाद्या वेळी विटक्या फितीचा तुकडा. पोरे विचारतात, घरातले जाणते सांगतात, "पणजोबांचे आहे, लढाईतले." बस्स. मग ती पुन्हा पेटीत जाते, नाहीतर सोनाराकडे.

अशीच पदके लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये जपून ठेवलेली आहेत. पहिल्या महायुद्धाची आठवण म्हणून ब्रिटिश सरकारने १९१९ साली हे पदक काढले. एका बाजूला पंचम जॉर्ज बादशहा. दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष, टापांखाली गरुडाची ढाल, आणि १९१४ व १९१८ ही साले. फीत मधोमध नारिंगी, दोन्ही अंगांना पांढरे, काळे, निळे पट्टे.

शिपायांना ते चांदीचे मिळाले. मजूर पलटणींतल्या माणसांना मात्र ब्रॉन्झचे. अशी सुमारे १ लाख १० हजार निघाली. कुदळ चालवणारा आणि ओझी वाहणारा परमुलखात तीच थंडी आणि तेच ऊन सोसत होता. त्याच्यासाठी हलका धातू का, हे मला कधी पटलेले नाही.

आपल्याकडची पुष्कळ माणसे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. सहाव्या पूना डिव्हिजनमधल्या १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी डिसेंबर १९१५ मध्ये कुत गावी वेढ्यात सापडल्या. रसद तुटली, घोडी-खेचरे मारून खायची पाळी आली. २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली, आणि पुढे कैदेत कितीतरी माणसे मेली.

त्या मुलखात मेलेल्या आणि थडगेही न सापडलेल्या ४० हजारांहून अधिक माणसांसाठी १९२९ साली बसऱ्याला स्मारक उघडले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली. हिंदी अंमलदारांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा! ही विषमता युद्धस्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाने २०२१ मध्ये कबूल केली आणि माफी मागितली.

दगडावर जे नाव आले नाही, ते पदकाच्या कडेवर आहे. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण, सगळे बारीक इंग्रजी अक्षरांत ठसवलेले.

म्हणून सांगतो, हे पदक चिंचेने किंवा राखेने घासू नका. आधी झिजते ती कडच. एका घरी ते पोराच्या गळ्यात घालायला कडा कानशीने गुळगुळीत करून घेतलेले मी पाहिले. कोणाचे होते, ते आता कोणालाच सांगता येत नाही. चांदी म्हणाल तर जेमतेम पावणेतीन तोळे. १९८० च्या सुमारास चांदी कडाडली, तेव्हा विलायतेतही अशी असंख्य पदके मुशीत गेली.

कोरड्या मऊ फडक्याने पुसा, सुती कापडात गुंडाळा. कड उजेडात तिरपी धरून शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्या आणि कागदावर उतरवून पदकाजवळ ठेवा. स्पेलिंग साहेबाच्या कानाने लिहिलेले असते, तेव्हा शिंद्यांचे भलतेच काही झालेले दिसेल. दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहा, नाव लागते.