गणपतीला खेडला यायचंय? मग तिकिटाचा हिशोब १३ जुलैपासून

खेड : यंदा गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबर २०२६ ला आहे. म्हणजे मुंबई, ठाणे, पनवेलमधले चाकरमानी शुक्रवारी ऑफिस सुटलं की बॅगा उचलणार, नाहीतर शनिवार-रविवारची गाडी धरणार. खेड स्थानक काही एकट्या खेड तालुक्याचं नाही. दापोली आणि मंडणगड तालुक्यांत रेल्वे नाही, तिकडची मंडळीही इथंच उतरतात. त्यामुळे या तीन दिवसांची तिकिटं सकाळी आठ वाजता खिडकी उघडली की काही मिनिटांत संपतात. ज्यांना मिळतात त्यांची बोटं फार चपळ असतात असं नाही. त्यांनी तारीख नीट मोजलेली असते.

आगाऊ आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ च्या आधी ही मुदत १२० दिवसांची होती आणि अनेक घरांत अजून तोच चार महिन्यांचा हिशोब चालतो. प्रवासाचा दिवस या ६० दिवसांत धरायचा नाही. त्यानुसार शुक्रवार ११ सप्टेंबरचं तिकीट १३ जुलैला, शनिवार १२ चं १४ जुलैला आणि रविवार १३ चं १५ जुलैला सकाळी आठला उघडेल. परतीचं लोक विसरतात. गौरी-गणपती आटोपून रविवारी २० सप्टेंबरला मुंबईला निघायचं असेल तर २२ जुलै. अनंत चतुर्दशी शुक्रवारी २५ तारखेला आहे. विसर्जन करून रविवारी २७ ला निघणाऱ्यांनी २९ जुलै कॅलेंडरवर लिहून ठेवावी. परतीची गर्दी जाण्याच्या गर्दीपेक्षा तसूभरही कमी नसते.

खरी गंमत रात्रीच्या गाड्यांत आहे. दादरहून सावंतवाडीला जाणारी तुतारी एक्स्प्रेस रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. शुक्रवारी जेवूनखाऊन निघणाऱ्याला ती ‘शुक्रवार रात्रीची गाडी’ वाटते, पण तिकिटावर तारीख शनिवार १२ सप्टेंबरची लागते. ११ तारखेचं तिकीट काढून शुक्रवारी रात्री दादरला उभा राहिलात, तर तुमची गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते. दरवर्षी कुणी ना कुणी यात फसतोच.

कोकणकन्येचं याच्या उलट. ती सीएसएमटीहून रात्री ११ वाजून ५ मिनिटांनी सुटते आणि पनवेलला पोचेपर्यंत बारा वाजून गेलेले असतात. म्हणून पनवेलहून बसणाऱ्याच्या तिकिटावर दुसऱ्या दिवसाची तारीख येते. पण ६० दिवस मोजले जातात ते गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून. शुक्रवारी ११ ला सुटणाऱ्या कोकणकन्येचं पनवेल ते खेड तिकीट १२ सप्टेंबरचं असलं, तरी विक्री १३ जुलैलाच सुरू होते. पनवेलवाला १४ जुलैची वाट बघत बसला तर सगळं संपल्यावर पोचतो. परतीलाही हेच ध्यानात ठेवायचं. मडगाव, सावंतवाडीहून संध्याकाळी निघालेल्या गाड्या खेडला मध्यरात्रीच्या आगेमागे येतात. कुठली तारीख पडते ते ॲपमध्ये बघूनच पैसे भरा.

इतकी मारामारी का, याचं उत्तर रुळांतच आहे. रोह्यापासून वीरपर्यंत दुहेरी मार्ग झाला, पण त्यापुढे खेड, चिपळूण, रत्नागिरी हा पट्टा एकेरीच आहे. समोरून गाडी आली की एकीला स्थानकात थांबावंच लागतं. त्यात गणपती पावसाळी वेळापत्रकात येतात, तेव्हा वेग आणखी कमी केलेला असतो. त्यामुळे मागणी कितीही असली तरी गाड्या एका मर्यादेपलीकडे वाढवता येत नाहीत. २७ जून २०२३ ला सुरू झालेली मुंबई–मडगाव वंदे भारत खेडला थांबते, पण पावसाळ्यात ती आठवड्यातले मोजकेच दिवस धावते. आपल्या तारखेला ती आहे का, हे आधी बघावं.

खेड-दापोलीतली बरीच माणसं पोरांकडे इंग्लंडला जाऊन येतात, त्यांनी लंडन–पॅरिस युरोस्टार पाहिली असेल. समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी ही गाडी ताशी ३०० किलोमीटरचा वेग गाठते. तिचंही तिकीट काही महिने आधी काढावं लागतं, पण तिथं वेटिंग नावाचा प्रकार नाही. गाडी भरत जाते तसा दर चढत जातो. तिकडं उशीर केला की खिशाला चाट बसते, इकडं जागाच जाते. (तिकडे जाणाऱ्यांसाठी जाताजाता : भारतीय पासपोर्टवर इंग्लंडचा आणि फ्रान्ससाठी शेंगेनचा, असे दोन वेगळे व्हिसा लागतात. एकावर दुसरीकडे जाता येत नाही.)

आता तयारीचं. आयआरसीटीसीच्या खात्याला आधार जोडून पडताळणी आधीच करून ठेवा. १ ऑक्टोबर २०२५ पासून आरक्षण उघडल्यावर पहिली १५ मिनिटं फक्त अशा खात्यांवरूनच ऑनलाइन तिकीट निघू लागलं, आणि ही वेळ पुढे आणखी वाढवली गेली. आधार न जोडलेलं खातं सकाळी आठला काही कामाचं नाही. घरच्यांची नावं, वयं आदल्या दिवशीच मास्टर लिस्टमध्ये भरा. एका तिकिटावर सहाच जण बसतात, म्हणून आठ-दहा माणसांच्या घरात दोन फोन, दोन खाती लागतील. गावात रेंजचा भरवसा नसेल तर हे काम मुंबईतल्या माणसावर सोपवा, किंवा खेड स्थानकाची आरक्षण खिडकी गाठा. आजी-आजोबांसाठी लोअर बर्थचा वेगळा कोटा आहे. ६० च्या पुढचे पुरुष आणि ४५ च्या पुढच्या महिला, एकटे किंवा दोघं प्रवास करणार असतील तर तो निवडता येतो. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे.

खेडपर्यंत जागा दाखवत नसेल तर चिपळूण किंवा रत्नागिरीपर्यंत बघा. मधल्या स्थानकांना अनेकदा पूल कोट्यातून तिकीट दिलं जातं. या कोट्यात जागा थोड्या असतात आणि त्याचं वेटिंग हलता हलत नाही. लांबचं तिकीट काढून खेडला उतरायला हरकत नसते, उरलेल्या अंतराचे पैसे तेवढे जातात. मात्र चढायचं स्थानक परस्पर बदलू नका. तिकीट सीएसएमटीचं आणि चढलात पनवेलला, तर मधल्या वेळात तुमची जागा दुसऱ्याला दिली जाऊ शकते. चढण्याचं स्थानक आधीच ऑनलाइन बदलता येतं.

आरएसी मिळालं तर निर्धास्त या, अर्धी का होईना सीट असते. वेटिंगचं तसं नाही. चार्ट लागल्यावरही वेटिंगच राहिलेलं ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होतं. खिडकीवरचं असलं तरी ते दाखवून स्लीपर किंवा एसी डब्यात बसता येत नाही. ‘टीसीला सांगू काहीतरी’ या भरवशावर लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन निघू नका.

मग उरतं तत्काळ. गाडी सुटायच्या आदल्या दिवशी एसीचं सकाळी दहाला, स्लीपरचं अकराला उघडतं. एका तिकिटावर चारच जण, आणि आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. तो फोन ज्याच्याकडे आहे तो माणूस त्या वेळी शेजारी हवा. त्याआधी गणपती स्पेशल गाड्यांवर लक्ष ठेवा. त्यांचं आरक्षण ६० दिवसांच्या हिशोबात येत नाही, गाडी जाहीर झाल्यावर वेगळ्या तारखेला उघडतं. मागच्या काही वर्षांत दिवा–चिपळूण अनारक्षित मेमूही सोडली होती. तिला आरक्षण लागत नाही, फक्त लवकर जाऊन रांगेत उभं राहावं लागतं.

‘कन्फर्म करून देतो, डोक्यामागे पाचशे जास्त’ म्हणणारे जुलैत वाडीवाडीत दिसू लागतात. स्वतःच्या खात्यावरून तिकिटं काढून धंदा करणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पकडलं गेलं की ती तिकिटं रद्द होतात, आणि गाडीत बसायला निघालेला माणूस फलाटावर राहतो. अधिकृत एजंटच्या तिकिटावर एजन्सीचं नाव छापलेलं असतं. ते नसेल तर पैसे देऊ नका.