घरगुती नेटवर्क स्विच

घरगुती नेटवर्क स्विच हे एकाच घरातील, दुकानातील किंवा लहान कार्यालयातील संगणक, दूरचित्रवाणी संच, मुद्रक, सुरक्षा कॅमेरे इत्यादी उपकरणे तारेने परस्परांशी जोडणारे लहान विद्युत उपकरण होय. घरगुती वापरात प्रामुख्याने ५ किंवा ८ पोर्टांचे स्विच आढळतात. फायबर जोडणी तालुक्याच्या गावांपर्यंत आणि तेथून घरोघरी पोहोचू लागल्यावर बुलढाण्यासारख्या जिल्ह्यांतही या उपकरणाची गरज भासू लागली. ग्राहक या उपकरणाविषयी ज्या तक्रारी करतात, त्यांपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ स्विचमध्ये नसते. ते केबल, अडॅप्टर, वीजपुरवठा किंवा जोडणीची पद्धत यांत सापडते. म्हणून या उपकरणाचे कार्य समजून घेतल्याशिवाय इतरांच्या अनुभवांवरून त्याची योग्य पारख करता येत नाही.

कार्य

नेटवर्कला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला ४८ बिटांचा एक मॅक पत्ता असतो. एखाद्या उपकरणाकडून माहितीची फ्रेम आली की, ती कोणत्या पोर्टातून आली आणि तिच्यावर प्रेषकाचा कोणता पत्ता आहे, याची नोंद स्विच आपल्या कोष्टकात करतो. पुढे त्या पत्त्यासाठी माहिती आली की ती केवळ त्याच पोर्टातून पाठविली जाते. पत्ता कोष्टकात नसल्यास फ्रेम इतर सर्व पोर्टांतून पाठविली जाते व उत्तर आल्यावर पत्त्याची नोंद होते. पोस्टमन नव्या गावी बदलून आल्यावर हळूहळू घरे ओळखू लागतो, तसाच हा प्रकार आहे.

पूर्वी वापरात असलेले हब हे उपकरण आलेली प्रत्येक गोष्ट सर्व पोर्टांतून पाठवीत असे. त्यामुळे दोन संगणकांनी एकाच वेळी माहिती पाठविल्यास तिची टक्कर होऊन ती पुन्हा पाठवावी लागे. स्विचमध्ये प्रत्येक पोर्टाला स्वतंत्र मार्ग मिळतो आणि एकाच वेळी माहिती पाठविणे व स्वीकारणे शक्य होते.

इतिहास

ईथरनेट हे तंत्र १९७३ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व त्यांचे सहकारी डेव्हिड बॉग्ज यांच्या कामातून पुढे आले. १९८३ मध्ये विद्युत व इलेक्ट्रॉनिक अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेने ८०२.३ या क्रमांकाने त्याचे मानक निश्चित केले. ईथरनेटसाठीचा पहिला व्यापारी स्विच १९९० साली ‘कल्पना’ या भारतीय नावाच्या अमेरिकी कंपनीने बाजारात आणला. विनोद भारद्वाज हे या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होते. १९९४ मध्ये ही कंपनी सिस्कोने विकत घेतली. तांब्याच्या साध्या केबलवरून सेकंदाला १ गिगाबिट वेग देणारे मानक १९९९ मध्ये मंजूर झाले. पुढे किमती उतरत गेल्या आणि मोठ्या कार्यालयांपुरते मर्यादित असलेले हे उपकरण सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले.

प्रकार

घरगुती स्विच बहुतांशी अव्यवस्थापित प्रकारचे असतात. त्यांत कोणतीही मांडणी करावी लागत नाही. केबल व अडॅप्टर जोडताच ते सुरू होतात. व्यवस्थापित स्विचमध्ये नेटवर्कचे विभाग पाडणे, विशिष्ट वाहतुकीला प्राधान्य देणे अशा सोयी असतात. साध्या घराला त्यांची सहसा आवश्यकता नसते.

वेगानुसार १०० मेगाबिटचे आणि १ गिगाबिटचे असे दोन प्रमुख प्रकार आहेत. ८ बिटांचा एक बाइट होत असल्याने १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट होतात. एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर ५ गिगाबाइटची फाइल पाठविण्यास या वेगाने किमान ४०० सेकंद, म्हणजे सुमारे पावणेसात मिनिटे लागतात. गिगाबिट स्विचवर हाच काळ तत्त्वतः ४० सेकंदांवर येतो. मात्र हा लाभ घरातल्या घरात होणाऱ्या देवाणघेवाणीचा आहे. इंटरनेटची योजनाच ४० मेगाबिटची असेल, तर गिगाबिट स्विच घेतल्याने तिचा वेग वाढत नाही.

काही स्विच केबलमधूनच समोरच्या उपकरणाला वीज पुरवितात. या सोयीला पीओई म्हणतात. २००३ च्या मानकानुसार अशा प्रत्येक पोर्टातून कमाल १५.४ वॅट, तर २००९ च्या मानकानुसार ३० वॅट वीज देता येते.

ग्राहकांचे अनुभव

पोर्टांची संख्या. ५ पोर्टांच्या स्विचला पाच उपकरणे जोडता येतील, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात एक पोर्ट राउटरकडून येणाऱ्या केबलसाठी खर्ची पडतो आणि चारच उरतात. खरेदीनंतर लवकरच ८ पोर्टांचा स्विच घ्यायला हवा होता, असे वाटण्यामागे बहुधा हेच कारण असते.

राउटर आणि स्विच यांतील गल्लत. राउटर घरातील उपकरणांना आयपी पत्ते देतो व घराचे नेटवर्क बाहेरच्या जगाशी जोडतो. साधा स्विच यांपैकी काहीही करीत नाही. तो वाय-फायही देत नाही. सेवादात्याची केबल थेट स्विचमध्ये खोचून त्यावर अनेक संगणक जोडल्यास सहसा एकाच संगणकावर इंटरनेट चालते किंवा कोणत्याच संगणकावर चालत नाही. अशा वेळी स्विच सदोष ठरविला जातो, पण तो आपले ठरलेले काम करीत असतो.

अपेक्षेपेक्षा कमी वेग. गिगाबिट स्विच घेऊनही जोडणी १०० मेगाबिटवरच अडकते, ही नेहमीची तक्रार आहे. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला त्यांपैकी दोनच पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. टोकाला बसविलेल्या आरजे-४५ जोडणीत एखादी तार नीट दबली नसेल किंवा भिंतीच्या कोपऱ्यात केबल मुडपून तुटली असेल, तर दोन्हीकडील उपकरणे आपोआप कमी वेगावर येतात. नेटवर्क चालू राहते आणि दोष लपून राहतो. तांब्याचा केवळ मुलामा असलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबलही असा त्रास देते. शुद्ध तांब्याची कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल घेणे म्हणूनच हितावह असते.

सगळे नेटवर्क ठप्प होणे. एकाच केबलची दोन्ही टोके चुकून एकाच स्विचमध्ये खोचली गेली किंवा दोन स्विच दोन केबलींनी परस्परांना जोडले गेले, तर सर्वांना उद्देशून पाठविलेल्या फ्रेम चक्राकार फिरत राहतात. सर्व दिवे वेगाने लुकलुकू लागतात आणि काही क्षणांत कोणाचेच काम चालत नाही. साध्या स्विचमध्ये हा फेरा तोडण्याची सोय बहुधा नसते. जादा केबल काढताच नेटवर्क पूर्ववत होते.

अडॅप्टर. लहान स्विचचा अडॅप्टर बऱ्याचदा ५ व्होल्टचा, तर राउटरचा १२ व्होल्टचा असतो. दोहोंची पिन सारखी दिसल्यामुळे अदलाबदल होते. कमी व्होल्टचा अडॅप्टर लावल्यास उपकरण सुरू होत नाही आणि जास्त व्होल्टचा लावल्यास ते जळू शकते. अडॅप्टरवर कोणत्या उपकरणाचा आहे हे लिहून ठेवणे, हा यावरील सोपा उपाय होय.

कॅमेऱ्यांसाठी खरेदी. पीओई नसलेल्या स्विचवर पीओई कॅमेरा सुरू होत नाही. पीओई असलेल्या स्विचमध्येही प्रत्येक पोर्टाची मर्यादा वेगळी आणि संपूर्ण स्विचची एकूण मर्यादा वेगळी असते. एकूण मर्यादा ओलांडली की शेवटी जोडलेला कॅमेरा बंद पडू शकतो. रात्री कॅमेऱ्यांचे अवरक्त दिवे लागल्यावर विजेची मागणी वाढते, म्हणून दिवसा सुरळीत चालणारी जोडणी रात्री अडखळते.

बुलढाणा जिल्ह्यातील परिस्थिती

अमरावती विभागातील या जिल्ह्यात १३ तालुके असून अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे त्याचे ‘घाटावरचा’ व ‘घाटाखालचा’ असे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा हे तालुके घाटावर, तर मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर हे घाटाखाली येतात. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील घाटाखालच्या गावांत उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. बहुतेक घरगुती स्विच ० ते ४० अंशांच्या वातावरणासाठी बनविलेले असतात. टिनपत्र्याच्या छपराखाली, बंद कपाटात किंवा तापलेल्या राउटरवर ठेवलेला स्विच मे महिन्यात दुपारी बंद पडून संध्याकाळी पुन्हा सुरू होत असेल, तर प्रथम त्याची जागा बदलून पाहावी.

विजेच्या लपंडावामुळे आणखी एक अनुभव येतो. घरातील राउटर इन्व्हर्टरवर आणि स्विच साध्या बोर्डावर असल्यास वीज जाताच मोबाइलवरील वाय-फाय चालू राहते, पण तारेने जोडलेला संगणक तुटतो. विद्यार्थ्याची ऑनलाइन परीक्षा चालू असताना असे घडले, तर त्याचा फटका एका साध्या उपकरणाच्या किमतीहून कितीतरी मोठा असतो. स्विचला जेमतेम २ ते ३ वॅट वीज लागते. ३ वॅटचा स्विच वर्षभर अखंड चालविला तरी सुमारे २६ युनिट खर्च होतात. त्यामुळे तो राउटरसोबत इन्व्हर्टरवर घेण्यास अडचण नसते.

वळवाच्या पावसात व पावसाळ्यात कडाडणाऱ्या विजा हा तिसरा धोका आहे. दोन घरांमध्ये, गच्चीवरून किंवा गोठ्यापर्यंत उघड्यावर टाकलेल्या तांब्याच्या केबलमध्ये जवळपास वीज पडल्यास उच्च दाब निर्माण होतो आणि तिच्या टोकाचे पोर्ट निकामी होतात. ऑप्टिकल फायबरमधील काचेचा तंतू वीज वाहून नेत नाही. म्हणून इमारतीबाहेरील जोडणीसाठी फायबर अधिक सुरक्षित ठरते. तांब्याच्या केबलची लांबीही १०० मीटरपर्यंतच ग्राह्य असते. शेतातील कॅमेऱ्यासाठी ती मर्यादा अनेकदा अपुरी पडते. चांगले अर्थिंग असणे, तसेच गडगडाट सुरू होण्यापूर्वी बाहेरून आलेली केबल व अडॅप्टर काढून ठेवणे उपयुक्त असते.

गावपातळीवर ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची केंद्र सरकारची योजना २०११ साली मंजूर झाली. तिला पुढे भारतनेट हे नाव मिळाले. महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम महानेट या नावाने झाले. गावापर्यंत आलेली जोडणी एकाच कार्यालयातील किंवा शाळेतील अनेक संगणकांना वाटून द्यावयाची झाल्यास तेथेही स्विचच लागतो.

दोष कोठे आहे हे ओळखणे

स्विच बदलण्यापूर्वी पुढील क्रमाने तपासणी करता येते.

१. अडॅप्टरवरील व्होल्ट स्विचच्या मागे छापलेल्या आकड्याशी जुळतात का, हे पाहावे.
२. सर्व केबली काढून स्विच एक मिनिट बंद ठेवावा व पुन्हा सुरू करावा.
३. राउटरकडील केबल थेट संगणकाला जोडावी. तरीही इंटरनेट मिळाले नाही, तर दोष स्विचच्या अलीकडे आहे.
४. तीच केबल स्विचच्या वेगवेगळ्या पोर्टांत लावून पाहावी. एकच पोर्ट चालत नसेल, तर दोष त्या पोर्टाचा आहे.
५. पोर्ट तोच ठेवून दुसरी केबल लावावी. जोडणी सुधारली, तर पहिली केबल सदोष आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे या तपासणीचे सूत्र आहे. दोन गोष्टी एकदम बदलल्यास कोणत्या बदलाने फरक पडला हे कळत नाही.

ग्राहकांची परीक्षणे वाचताना

विक्रीच्या संकेतस्थळांवरील बहुतेक परीक्षणे खरेदीनंतर काही दिवसांतच लिहिली जातात. त्यांतून स्विच सुरू झाला की नाही हे कळते, तो दोन उन्हाळे टिकला की नाही हे कळत नाही. शिवाय वातानुकूलित खोलीतील अनुभव खामगाव किंवा शेगाव येथील उन्हाळ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. ज्या परीक्षणात वापराचा कालावधी, केबलचा प्रकार, जोडलेली उपकरणे व बिघाडाचे स्वरूप दिलेले असते, ते केवळ तारांकनापेक्षा अधिक विश्वसनीय मानावे. वेष्टनावरील ‘१० गिगाबिट क्षमता’ यासारखा उल्लेखही नीट समजून घ्यावा लागतो. १ गिगाबिटच्या पाच पोर्टांची येणारी व जाणारी वाहतूक मिळून ही बेरीज होते. एका संगणकाला मिळणारा वेग १ गिगाबिटच असतो.

बनावट परीक्षणांना आळा घालण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. परीक्षणे गोळा करणे, तपासणे व प्रसिद्ध करणे यांचे नियम त्यात आहेत. हे मानक प्रसिद्ध झाले तेव्हा त्याचे पालन ऐच्छिक ठेवण्यात आले होते.

ग्राहकांचे हक्क

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. वस्तू सदोष असल्यास ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. त्यामुळे दूरच्या शहरातील विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलेल्या वस्तूसाठीही बुलढाणा जिल्ह्यातील ग्राहकाला परगावी जावे लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर दाद मागता येते. ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांनी तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी व एका महिन्यात तिचे निवारण करावे, असे २०२० च्या ई-वाणिज्य नियमांत म्हटले आहे.

या सर्वांसाठी पक्के बिल हा मुख्य पुरावा असतो. त्यावर स्विचचा अनुक्रमांक लिहून घेतल्यास वॉरंटीविषयी वाद उरत नाही. वॉरंटीत वीज पडून किंवा चुकीच्या अडॅप्टरमुळे झालेले नुकसान सहसा समाविष्ट नसते. अटींतील हा भाग खरेदीपूर्वीच वाचावा.

निकामी स्विचची विल्हेवाट

निकामी स्विच व अडॅप्टर हा ई-कचरा होय. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले असून अशा कचऱ्याच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे. तांबे मिळविण्यासाठी केबल उघड्यावर जाळल्यास विषारी धूर निघतो. म्हणून अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांपर्यंत पोहोचविणाऱ्या संकलकाकडेच द्याव्यात. तत्पूर्वी वर दिलेली तपासणी करून पाहिल्यास टाकून द्यायला काढलेला एखादा स्विच केवळ अडॅप्टर बदलून पुन्हा वापरात येऊ शकतो.